फुटाचा भाव विचारण्याआधी: जुन्या घराच्या खिडक्या बदलताना

आमचं परभणीचं घर 1988 सालचं. नऊ इंची विटांच्या भिंती, सागवानी चौकटी, मध्ये लोखंडी गज आणि बाहेर उघडणारी तावदानांची झडपं. मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कूलर उतरवला, तर त्याच्या खालचा चौकटीचा आडवा तुकडा भुगा होऊन हातात आला. वर्षानुवर्षं कूलरचं पाणी पिऊन पिऊन सागवानही हरलं होतं.

मग दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात मी बसायच्या आधीच भाव आला, "काका, फुटाला चारशे वीस." दुसऱ्याने पाचशे साठ सांगितला. दोन्ही ॲल्युमिनियमचे, चौरस फुटाला. तिसऱ्याने यूपीव्हीसीचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, सातशे वीस. कोणती खिडकी, कोणत्या भिंतीत, तिथे कूलर आहे का, हे एकानेही विचारलं नाही. दोन महिने या फुटाच्या भावाभोवती घोटाळल्यावर कळलं की तो आकडा सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. त्याआधी काय काय करायचं, ते पुढे लिहितो.

आधी टोचून बघा

सगळ्या खिडक्या एकदम बदलायची हौस दुकानदाराला असते, आपल्याला असू नये. एक टोकदार स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि लाकडी चौकटीचे खालचे दोन्ही कोपरे टोचा. टोक दोन-तीन सुतांपेक्षा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत गेलं नाही, तर चौकट शाबूत आहे. सहज आत गेलं, पोकळ आवाज आला किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर कुजलंय किंवा वाळवी लागलीय. वाळवी असेल तर आधी तिचं औषध, मग खिडकी. नाहीतर ॲल्युमिनियम बसवलं की ती दरवाजाच्या लाकडी चौकटीकडे वळते.

झडप बंद करताना मध्ये वर्तमानपत्राची पट्टी धरा आणि ओढा. अलगद निघून आली तर तिथून धूळ आणि झळ येते. पण हा दोष पुष्कळदा झिजलेल्या बिजागऱ्यांचा असतो. बिजागरी बदलून, झडप थोडं रंधून आणि कडेला रबराची पट्टी लावून भागतं. आमच्या दहापैकी चार खिडक्या अशा सुताराच्या एका दिवसात सुधारल्या. बदलल्या त्या सहाच.

जुना ऑइलपेंट घासताना एक काळजी घ्या. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नका. पाणी मारून घासा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

भिंत काय म्हणते

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघालेली आहे का? आपल्याकडच्या काळ्या मातीवरच्या घरांचं हे जुनं दुखणं. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया हलतो, चौकट वाकडी होते आणि झडप अडकायला लागतं. घरातले म्हणतात, खिडकी खराब झाली. खराब झालेली असते भिंत. अशा भोकात महागडी स्लायडिंग (सरकती) खिडकी बसवली तर दोन वर्षांत तीही अडकेल. भेगेवर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिपका मारून तारीख लिहा. पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही उलटूनही तो तडकला नाही, तर भेग जुनी आणि थांबलेली आहे. ती बुजवून पुढे चला. तडकला तर आधी इंजिनिअरला दाखवा.

दुसरी गोष्ट भोक मोठं करण्याची. "दोन फूट वाढवून देतो, मस्त उजेड येईल," असं मिस्त्री सहज म्हणून जातो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात काय झालं, ते लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको. मातीत रचलेल्या दगडी भिंती अंगावर कोसळूनच माणसं गेली. वजन पेलणाऱ्या भिंतीत, विशेषतः जुन्या दगडी वाड्यात किंवा माळवदाच्या घरात, लिंटेलला, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईला, हात लावायचा नाही, भोक कोपऱ्याकडे सरकवायचं नाही. कॉलम-बीमचं घर असेल तरी आधी विचारा. उजेडच हवा असेल तर आहे त्याच भोकातली जाड चौकट काढून बारीक चौकट बसवली तरी बराच वाढतो.

वहीत दिशा लिहा

एक वही घ्या, प्रत्येक खिडकीला नंबर द्या. नंबरापुढे दिशा, खोली, सध्याचा त्रास आणि तिथे कूलर किंवा एसी आहे का, एवढं लिहा. यातली दिशा सगळ्यात महत्त्वाची.

दक्षिणेच्या खिडकीला लोक उगाच घाबरतात. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. परभणी, लातूर, संभाजीनगर हे सगळे साधारण 18 ते 20 अक्षांशात, त्यामुळे मेच्या मध्यापासून पुढे तर सूर्य माथ्याच्याही किंचित उत्तरेला जातो. दोन फुटांचा छज्जा दक्षिणेला पुरतो. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तेव्हा तिथून येणारं ऊन हवंहवंसंच असतं.

खरी वैरीण पश्चिमेची खिडकी. दुपारी तीननंतर ऊन आडवं येतं, छज्जाच्या खालून सरळ पलंगावर. वळवाचा पाऊस आणि धुळीचं वादळ बऱ्याचदा त्याच बाजूने झोडपतं. पूर्वेचंही ऊन आडवंच येतं, पण सकाळी हवा थंड असते म्हणून सोसतं. म्हणजे पैसा घालायचाच तर पश्चिमेला घाला. उत्तरेच्या आणि छज्जाखालच्या खिडक्यांना साधी चांगली खिडकी पुरे. सहाच्या सहा खिडक्या एकाच जातीच्या हव्यात असा काही नियम नाही.

कोरड्या उष्ण हवामानात उघडणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ खोलीच्या फरशीच्या किमान दहाव्या हिश्शाइतकं असावं, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. 10 बाय 12 च्या खोलीला म्हणजे 12 चौरस फूट. इथे स्लायडिंगचा हिशोब फसतो. 4 बाय 4 ची स्लायडिंग कागदावर 16 फूट, पण उघडते निम्मीच. जाळीचा तिसरा ट्रॅक घेतला तरी वारा आठच फुटांतून येणार. झडपेची खिडकी पूर्ण उघडते. उन्हाळ्यात रात्री लाइट गेली की हा फरक अंगाला कळतो.

कूलरचं काय करायचं?

खिडक्यांच्या माहितीपत्रकांत कूलर नसतो आणि मराठवाड्यात कूलरशिवाय खिडकी नसते. नवी चकचकीत स्लायडिंग बसवून मार्चमध्ये तीच उघडी ठेवून, मध्ये कूलरचं तोंड घुसवून, फटीत थर्माकोल आणि जुनं गोणपाट कोंबलेली घरं मी कितीतरी पाहिलीत. ऑर्डर देण्याआधी कूलरचं तोंड मोजा. खिडकीचा एक खण तेवढ्या मापाचा करून घ्या, ज्यातली काच किंवा पॅनेल चार स्क्रू काढून निघेल. उन्हाळा संपला की कूलर बाहेर, पॅनेल आत. माझ्या फॅब्रिकेटरला, म्हणजे खिडक्या बनवणाऱ्याला, हे पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. आता तो स्वतःहून विचारतो म्हणे.

कूलरचं वजन चौकटीवर टाकू नका, बाहेर लोखंडी स्टँडवर ठेवा. कूलर बाहेरून जी हवा ढकलतो तिला निघायला समोरच्या बाजूला खिडकी हवी. ती नसेल तर खोलीत नुसता दमटपणा. म्हणून कूलरच्या समोरची खिडकी उघडणारीच ठेवा, तिथे बंद काच घालू नका. आणि लोखंडी कूलर, लोखंडी ग्रील, ओली फरशी हे त्रिकूट जीवघेणं आहे. कूलरला तीन पिनांचं कनेक्शन आणि चालू अर्थिंग हवं, त्याचा पत्रा ग्रीलला टेकता कामा नये.

माप

प्रत्येक भोकाची रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी घ्या. उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे. तिन्हींत जे सगळ्यात लहान ते खरं. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला, तर भोक गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. ते आधी गिलाव्याने सरळ करून घ्यायचं, की फटी भरून चालवायचं, हे ऑर्डरआधी ठरवा.

खिडकी भोकापेक्षा लहान बनवावी लागते. रुंदीत आणि उंचीत प्रत्येकी साधारण तीन सूत, म्हणजे 10 मिमी कमी. ही जागा मिस्त्रीच्या सोयीसाठी नसते. दीड मीटरची यूपीव्हीसीची चौकट 30 अंशांच्या फरकाने दोन-तीन मिमी लांबते. जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंतचा आपला फरक त्याहून मोठा. ॲल्युमिनियम याच्या निम्म्याहून कमी वाढतं. माप तुम्ही घेतलं तरी शेवटचं माप बनवणाऱ्यानेच येऊन घ्यावं आणि कागदावर सही करावी. चुकलं तर कोण भरणार, हा वाद मग होत नाही.

ॲल्युमिनियम, यूपीव्हीसी की लाकूड

ॲल्युमिनियममध्ये सगळा खेळ सेक्शनच्या, म्हणजे चौकट बनते त्या पोकळ पट्टीच्या, जाडीचा. दिसायला सगळे सारखेच, एकाची भिंत 1 मिमी, दुसऱ्याची दीड. दोन्ही दुकानांतून एकेक फुटाचा तुकडा मागून आणा आणि किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. आकार एकच असेल तर वजनात जेवढा फरक, तेवढाच मालात. तुकडा द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडे पुन्हा जायचं कारण नाही. पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला रंग) आहे की अॅनोडाइज्ड (विजेच्या प्रक्रियेने धातूवरच तयार केलेला थर), तेही लिहून घ्या. ॲल्युमिनियमचा दोष म्हणजे ते तापतं. पश्चिमेच्या चौकटीला मेमध्ये पाच वाजता आतून हात लावून बघा.

यूपीव्हीसी आतून तेवढं तापत नाही, कोपरे वितळवून जोडलेले असल्याने धूळ आणि आवाज कमी येतो. मात्र त्याच्या पोटात गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी हवी, नाहीतर मोठं झडप वाकतं. फ्रिजला चिकटवायचा लोहचुंबक घेऊन जा आणि चौकटीवर, झडपेवर फिरवा. चिकटला तर आत लोखंड आहे. रंग पांढराच घ्या. गडद रंगाचा लाकडी मुलामा सुंदर दिसतो, पण उन्हात पांढऱ्यापेक्षा खूप जास्त तापतो. कडक उन्हातल्या भिंतीवर मी तो घेणार नाही.

लाकडाचं एकच सांगतो. जुनी सागवानी चौकट शाबूत असेल तर ती तोडू नका. नुसती झडपं नवी करा. आणि तोडलीच, तर भंगारवाल्याला देऊ नका, सुताराला दाखवा. मिस्त्री "कचरा मी नेतो" म्हणाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत काय चमकलं, ते मला नंतर समजलं.

जुन्या चौकटीच्या आतच नवी ॲल्युमिनियमची चौकट बसवायची पद्धतही आहे. तोडफोड नाही, गिलावा नाही, काम एका दिवसात. पण चारही बाजूंनी दीड-दोन इंच जातात आणि आतलं लाकूड कुजत असेल तर ते झाकलं जातं, थांबत नाही.

सरकती की झडपेची? पश्चिमेला झडपेची, कारण ती रबरावर दाबून बसते. वळवाच्या पावसात स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचतं आणि वाऱ्याबरोबर आत उडतं. धूळ तर ट्रॅकमध्ये चिखल करते. गॅलरीत, अरुंद बोळाकडे किंवा जिथे बाहेर उघडलेलं झडप कोणाच्या डोक्याला लागेल, तिथे सरकती.

काच

साध्या पारदर्शक काचेतून उन्हाची सुमारे आठ दशांश उष्णता आत येते. काच जाड केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. दुहेरी काच एसीच्या खोलीत उपयोगी आहे, तिथे घ्या. पण थेट उन्हासमोर नुसती साधी दुहेरी काच लावून खोली थंड होत नाही. दोन काचांमधली हवा बाहेरची झळ अडवते, ऊन नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडवावं लागतं. बांबूची चिक, शेडनेट, वाळ्याचा पडदा, उभा पत्रा, काहीही चालेल, पण बाहेरून. दुहेरी काचेवर जाणारा पैसा आधी तिथे वळवा. आरशासारखी रिफ्लेक्टिव्ह काच दिवसा आतलं दिसू देत नाही. रात्री आत दिवा आणि बाहेर अंधार झाला की उलट होतं, पडदा लागतोच.

जाडी 5 मिमी घ्या. 5 मिमीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, म्हणून मोठ्या झडपेला बिजागऱ्या आणि रोलर त्या तोलाचे हवेत. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवत असेल तर पश्चिमेची आणि जमिनीलगतची काच टफन्ड (तापवून कडक केलेली) घ्या. साध्या काचेपेक्षा ती चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तरी बोथट तुकडे होतात. फक्त ती टफन्ड झाल्यावर कापता येत नाही, माप चुकलं की काच गेली.

ग्रील आणि जाळी

ग्रील, जाळी आणि झडप या तिघांना नऊ इंचांच्या भिंतीत जागा हवी असते आणि तिथेच गोंधळ होतो. सरकत्या खिडकीत ग्रील बाहेर, जाळी तिसऱ्या ट्रॅकवर, सोपं. बाहेर उघडणाऱ्या झडपेला ग्रील आत घ्यावी लागते, त्याच्या आत जाळीचं झडप. म्हणजे खिडकी लावताना आधी जाळी उघडायची, मग गजांतून हात घालून कडी ओढायची. घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाचा हात तिथे पोचतो का, हे आधी बघा. आमच्या आईंचा पोचत नव्हता, कडी चार इंच खाली घ्यावी लागली.

ग्रील किलोवर घ्या. 12 मिमीची चौरस सळई मीटरला 1.13 किलो भरते, 10 मिमीची 0.785 किलो. फुटावर भाव ठरवला की 12 सांगून 10 लावली तरी रंगाखाली कळत नाही. घरातली एक तरी ग्रील आतून उघडणारी, कुलपाची ठेवा आणि किल्ली हाताशी. आग लागली तर बाहेर पडायला.

आता फुटाचा भाव

आमच्या घरचीच दोन कोटेशन मांडतो. तुमच्या गावात भाव वेगळे असतील, हिशोब हाच. बदलायच्या खिडक्या सहा: चार 4 बाय 4, दोन 5 बाय 4. एकूण 104 चौरस फूट.

पहिल्याचा भाव 420. खिडक्यांचे 43,680 झाले. मग एकेक शेपूट निघालं. जाळी फुटाला 60, म्हणजे 6,240. बसवणूक फुटाला 25, म्हणजे 2,600. जुनी चौकट काढायचे खिडकीमागे 500, म्हणजे 3,000. बेरीज 55,520. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 65,514.

दुसऱ्याचा भाव 560, त्यात जाळी, बसवणूक आणि जुनं काढणं सगळं आलं. 58,240 आणि जीएसटी, मिळून 68,723. फुटाला 140 रुपयांचा दिसणारा फरक शेवटी सगळ्या घरात 3,209 रुपयांवर आला. पहिल्याचा सेक्शन 1 मिमी आणि काच 4, दुसऱ्याचा दीड आणि काच 5. मी काय घेतलं, ते सांगायला नको. गिलावा दोघांतही नव्हता, तो आमच्या गवंड्याकडून वेगळा करून घेतला.

अजून एक गोष्ट मापाच्या कागदावर सापडली. आमच्या चार खिडक्या खरं तर 3 फूट 10 इंचांच्या. बिलात त्या 4 फूट धरल्या होत्या. एका खिडकीमागे 1.3 फूट हवेचे पैसे. काचेच्या धंद्यात माप पुढच्या टप्प्याला नेण्याची पद्धत आहे, म्हणून भांडू नका, पण कोणत्या टप्प्याला नेता ते विचारा आणि दोन्ही कोटेशनला तोच टप्पा लावा.

कोटेशनवर सेक्शनची जाडी, काचेची जाडी आणि जात, रोलर-बिजागरीची कंपनी, जाळी फायबरची की स्टीलची (उंदीर फायबरची कुरतडतात), जीएसटी आत की बाहेर आणि किती दिवसांत, हे लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं बसवायच्या दिवशी कोणाला आठवत नाही. ऑर्डर दिवाळीनंतर द्या. दिवाळीआधी सगळ्यांनाच घाई असते, आणि जूनमध्ये भिंतीला भोक पाडून आभाळाकडे बघत बसायचं नसतं.

बसवताना उभं राहा

खालची कडप्प्याची पट्टी बाहेर ढाळ देऊनच बसली पाहिजे, भिंतीच्या बाहेर इंचभर आलेली आणि खालच्या अंगाला एक खाच असलेली, म्हणजे पाणी भिंतीवर न उतरता तिथेच गळून पडतं. चौकट ओळंब्यात आणि लेव्हलमध्ये आहे का, ते स्क्रू आवळायच्या आधी बघा. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला पाणी निघायची भोकं असतात. मिस्त्री बऱ्याचदा नीटनेटकं दिसावं म्हणून तीच सिलिकॉनने बुजवून टाकतो. सिलिकॉन गिलावा वाळल्यावर, धूळ पुसून मारायचं. ओल्या भिंतीवर मारलं तर पहिल्या उन्हाळ्यात सोलून येतं.

सगळं झालं की बाहेरून पाइपने दहा मिनिटं पाणी मारा आणि आत कोपऱ्यात बसून बघा. आमच्या तीन नंबरच्या खिडकीखाली ओल आली. "काका, हे भिंतीतून पाणी यायलंय, खिडकीतून नाही," मिस्त्री म्हणाला. चौकटीच्या कडेला बाहेरून कागदी टेप चिकटवून पुन्हा पाणी मारलं, तेव्हा ओल थांबली आणि तोही थांबला.

पैसे ऑर्डरला 40 टक्के, माल आल्यावर 50 आणि उरलेले 10 पहिल्या वळवानंतर द्या. हे आधीच कागदावर असेल तर कोणी रागावत नाही. शेवटचे पैसे देताना त्याच्याकडून दोन जादा रोलर, हातभर रबराची पट्टी आणि एक जादा कडी मागून घ्या. सेक्शनचं नाव आणि रंगाचा नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा.